बीपीसाठी गावचं उपकेंद्र: गोळीला पूर्ण गुण, मशीनला निम्मे

गावच्या उपकेंद्रातून बीपीची गोळी घ्यावी, की तालुक्याच्या डॉक्टरकडूनच? कोकणात हा प्रश्न बहुतेक वेळा मुंबईतून विचारला जातो. मुलगा-सून डोंबिवलीला, आई-बाबा देवगड नाहीतर राजापूरकडच्या एखाद्या वाडीत. गुंतागुंत नसलेलं साधं बीपी असेल तर उत्तर सरळ आहे: उपकेंद्र. गोळी तीच मिळते, पैसे लागत नाहीत आणि दर महिन्याला एसटीची वाट बघत उभं राहावं लागत नाही. ही सेवा डगमगते ती दोन ठिकाणी, बीपी मोजताना आणि पुढच्या तारखेला. ती दोन्ही घरच्यांनी सांभाळली तर खासगीत जाण्यासारखं फारसं काही उरत नाही.

सिंधुदुर्ग या बाबतीत जुना खेळाडू आहे. 2017 मध्ये केंद्र सरकार, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जागतिक आरोग्य संघटनेने भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू केला. त्यात महाराष्ट्रातून पहिल्या टप्प्यात भंडारा, सातारा, वर्धा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे होते. उपक्रमाचं खरं काम एकच: उपचाराची पायरी ठरवून टाकणं. सुरुवात बहुधा ॲम्लोडिपिन 5 मिलिग्रॅमने. महिन्याने बीपी 140/90 च्या खाली आलं नाही तर टेल्मिसार्टन 40 ची जोड, मग डोस वाढवणं, आणि तरीही दाद दिली नाही तर क्लोरथॅलिडोन 12.5. क्रमात थोडा फरक पडू शकतो, पण औषधं हीच. डॉक्टर बदलला, बदली झाली, सेविका रजेवर गेली, तरी रुग्णाचं उपचाराचं कार्ड बघून पुढचा माणूस तिथूनच पुढे चालू करतो. खासगीत प्रत्येक नव्या डॉक्टरबरोबर नवा ब्रँड येतो. इथे ती भानगड नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे नाहीत.

नाव कसं नोंदवायचं? वय तिशीच्या पुढे असेल तर आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात. तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरात कुणाला बीपी-शुगर, असे प्रश्न असतात. उत्तरांना गुण देतात, ते चारच्या वर गेले तर तपासणीला आधी बोलावतात, पण त्याची वाट बघायची गरज नाही, थेट जाऊन मोजून घेता येतं. एकदा 140/90 च्या वर आलं म्हणून लगेच गोळी सुरू होत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून खात्री करतात. 180/110 च्या वर असेल तर मात्र थांबत नाहीत, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवतात. पहिली चिठ्ठी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची, किंवा उपकेंद्रात बसूनच ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरशी बोलून मिळालेली. एकदा गोळी बसली की पुढचा साठा उपकेंद्रातून, साधारण 30 दिवसांचा. जायच्या आधी आशाताईंना फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात: आज लसीकरण आहे का, आणि सीएचओ, म्हणजे उपकेंद्राचे समुदाय आरोग्य अधिकारी, जागेवर आहेत का. लसीकरणाच्या दिवशी पोरांच्या रडारडीत घेतलेलं बीपी कुणाच्याच कामाचं नाही.

मोजणीला निम्मेच गुण दिले आहेत, त्याची कारणं अशी. कोकणातली उपकेंद्रं बऱ्याचदा चढावर असतात. साठीची बाई पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढून, उन्हातून, धापा टाकत येते आणि बाकावर टेकते न टेकते तोच दंडाला पट्टा लागतो. वरचा आकडा 20 ने जास्त आला तर नवल नाही. पाच मिनिटं गप्प बसणं हा मोजणीचाच भाग आहे. रांग मोठी असली की पहिला बळी त्याचाच जातो. अर्ध्या तासात चहा, बिडी, मिश्री झालेली नसावी. सकाळी मिश्री लावून सरळ दवाखान्यात येणाऱ्या बायका इकडे कमी नाहीत, आणि मिश्री म्हणजे तंबाखूच. लघवी लागलेली असेल तर आधी जाऊन यावं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी घातलेली नको, हात टेबलावर छातीच्या उंचीला. हात खाली लोंबत असेल तर आकडा वाढून येतो.

पट्ट्याचा घोळ वेगळाच. ब्लाउजची बाही घट्ट असते, ती वर गुंडाळली की दंडाला आधीच फास बसतो आणि त्याखाली पट्टा. बाहीवरूनच पट्टा बांधणं हाही उपाय नाही. सैल बाहीचा ब्लाउज घालून जावं किंवा आडोशाला बाही काढावी. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर हवी. नेहमीचा पट्टा 22 ते 32 सेंटिमीटर घेराच्या दंडाला चालतो. जाळी ओढणाऱ्या माणसाचा दंड त्याहून जाड असू शकतो. त्याला लहान पट्टा लावला तर बीपी नसताना बीपी दिसतं आणि आयुष्यभराची गोळी लागते. मोठा पट्टा प्राथमिक आरोग्य केंद्रात असतो का ते विचारा. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही, फार तर कपाटात शोधाशोध होते.

एका मिनिटाच्या अंतराने दोन मापं घ्यायला सांगा. कार्डावर काय लिहिलंय तेही वाचा. डिजिटल मशीन 137/83, 144/91 असे आकडे देतं. कार्डावर महिनोन्महिने 130/80, 130/80 असंच दिसू लागलं तर मशीनचे सेल संपलेत किंवा मोजणाऱ्याचा उत्साह. दोन्हींवर उपाय आहे, पण आधी ते लक्षात यायला हवं.

परवडत असेल तर घरी दंडाचं डिजिटल मशीन ठेवावं, मनगटाचं नको. भेटीच्या आधीचा आठवडा सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी दोन-दोन मापं वहीत लिहून ती वही दाखवावी. घरच्या मापाला 135/85 ही रेघ धरतात. नाडी अनियमित असेल तर डिजिटल मशीनवर भरवसा ठेवू नये.

औषधांना पूर्ण गुण, पण ती घरात आल्यावर जे होतं त्याला नाही. टेल्मिसार्टनची गोळी हवेतला ओलावा ओढून घेते. जून ते सप्टेंबर या हवेत पत्र्यातून (स्ट्रिपमधून) सगळ्या गोळ्या काढून डबीत भरल्या तर त्या मऊ पडतात, चिकटतात. गोळी खाताना पत्रा फोडावा, आधी नाही. आठवड्याच्या खणांची प्लास्टिकची डबी मुंबईत ठीक, कोकणातल्या पावसात या गोळीसाठी नको. उपकेंद्रात कधी पत्रा कापून मोजक्या गोळ्या देतात, तेव्हा मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहून जाते. ती कार्डाच्या मागे लिहून घ्यावी.

दुसरा घोळ चाकरमान्यांचा. मुलगा गणपतीला येताना मुंबईच्या डॉक्टरने दिलेली गोळी आणतो, घरात उपकेंद्राची असतेच. नावं वेगळी, आत दोन्हीकडे ॲम्लोडिपिन. मग आईचे पाय सुजतात, उठताना गरगरतं आणि दोष सरकारी गोळीवर येतो. पत्र्यावर ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते जुळवून बघावं. नुसत्या ॲम्लोडिपिननेही घोट्याशी सूज येऊ शकते. ती मूत्रपिंडाची समजून घाबरू नये, गोळीही आपल्या मनाने बंद करू नये, सांगून बदलून घ्यावी. क्लोरथॅलिडोन सकाळी घ्यायचं असतं, नाहीतर रात्रभर लघवीला उठावं लागतं. त्याने सोडियम-पोटॅशियम उतरू शकतं, म्हणून म्हाताऱ्या माणसाला गळाल्यासारखं वाटलं, वागण्यात गोंधळ दिसला तर रक्त तपासून घ्यावं. टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही. मूल हवं असेल तर हे आधीच सांगायचं.

गुडघेदुखीच्या गोळ्या हा या सगळ्यातला छुपा शत्रू. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन बीपी चढवतात, मूत्रपिंडाला त्रास देतात आणि बीपीच्या गोळीचा जोर कमी करतात. लावणीच्या दिवसांत वाकून वाकून कंबर गेली की दुकानातून ही गोळी सर्रास येते. उपकेंद्रात कुणी आपणहून विचारत नाही, आपणच सांगावं.

आणि ‘माका काय एक होणा नाय, मगे गोळी कित्याक?’ (मला काहीच होत नाही, मग गोळी कशाला?) हा प्रश्न. काही होत नाही ते गोळीमुळेच. ॲम्लोडिपिनचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे जातात आणि बंद केल्यावरही काही दिवस ती शरीरात रेंगाळते. म्हणून सोडल्याचं लगेच जाणवत नाही, आणि तिथेच माणूस फसतो.

तारीख चुकण्याचे हंगाम ठरलेले आहेत. पावसात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) साथीसाठी सेवक-सेविका घरोघर सर्वेक्षणाला असतात आणि उपकेंद्राला कुलूप दिसतं. गणपतीत घर भरलेलं, शिमग्यात पालखी. 31 जुलैला मासेमारीबंदी संपली की खलाशी समुद्रावर. नौकांवरचे आणि आंबा बागांतले नेपाळी कामगार तर यादीत असूनही हाती लागत नाहीत. तारीख उलटलेल्यांची यादी निघते आणि फोन जातो, पण वाडीत रेंज असेल तर. मे महिन्यातच मोठ्या पावसासाठी जादा साठा मागून ठेवावा. कारण सांगितलं तर देतात. साठा संपलेला असेल तर रिकाम्या हाताने न परतता औषधाचं मूळ नाव आणि डोस लिहून घ्यावा आणि तेवढे दिवस जेनेरिक विकत घ्यावं. कधी 5 ऐवजी 10 ची गोळी येते, तेव्हा अर्धी घ्यायची आहे हे दोनदा विचारून घ्यावं.

सल्ल्याच्या बाबतीत सेवा कच्ची आहे. भिंतीवर ‘मीठ कमी खा’, आणि घरात पेजेबरोबर खारा बांगडा, सुकट, खारातली कैरी, पापड. भाजीतलं मीठ कमी करून काय होणार? दिवसाला माणशी 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, ही सगळं धरून मर्यादा आहे. हिशेब घरी करता येतो: चार माणसांच्या घरात मिठाची एक किलोची पिशवी 50 दिवस पुरायला हवी. महिन्यातच संपत असेल तर माणशी 8 ग्रॅमच्या वर चाललंय, आणि मासळी-लोणच्याचं खडं मीठ वेगळंच. सुकी मासळी सोडा म्हटलं तर कोण ऐकणार? पण पाणी दोनदा बदलून भिजवली, त्या कालवणात वेगळं मीठ घातलं नाही आणि त्या ताटात लोणचं-पापड वाढला नाही, तर बरंच साधतं. ॲसिडिटीसाठी पाण्यात फसफसणारी पावडर रोज घेत असाल तर तीही सोडियमच. बाजारातलं कमी सोडियमचं मीठ पोटॅशियमचं असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन चालू असेल तर विचारल्याशिवाय नको.

वर्षातून एकदा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल आणि लघवी तपासायला सांगावं. प्राथमिक आरोग्य केंद्रातून नमुने महालॅब या सरकारी योजनेतल्या प्रयोगशाळेकडे मोफत जातात. रिपोर्ट कार्डाला लावला का, हे मात्र आपण बघायचं. ईसीजी, डोळ्यांचा पडदा यांसाठी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावं लागतं.

काही जणांनी उपकेंद्रावर थांबूच नये: गरोदर बाई, तिशीच्या आतला तरुण, मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असलेला, तिन्ही औषधं नीट घेऊनही 140 च्या खाली न येणारा. आणि तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, छातीत दुखणं यांपैकी काहीही झालं तर आधी 108. आकडा झटकन उतरवायला जिभेखाली गोळी ठेवण्याची पद्धत अजून दिसते. ती करू देऊ नये, एकदम बीपी पडलं तर मेंदूचा रक्तपुरवठाच तुटतो. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच चालतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. दक्षिण सिंधुदुर्गातून गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं ठरलं तर रस्त्यातला वेळ त्यातूनच जातो. म्हणून लक्षण कधी सुरू झालं ती वेळ कागदावर लिहून कार्डासोबत द्यावी. रुग्णालयात पहिला प्रश्न तोच असतो.