ड्रायव्हरशी झुंजायचं की कार्डच बदलायचं?

लिनक्स टाकलं, सगळं चाललं, फक्त वायफाय नाही. आधी दुखणं नक्की कुठलं ते बघा. 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) संदेशांत, फर्मवेअरची (कार्डाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची) फाइल सापडली नाही अशी तक्रार असेल, तर प्रश्न एका पॅकेजचा आहे. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात 12व्या आवृत्तीपासून ही फर्मवेअरं इन्स्टॉलरमध्येच येतात. पण 'एलएसपीसीआय -एनएनके' ही हार्डवेअरची यादी दाखवणारी आज्ञा चालवल्यावर कार्डाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नसेल, म्हणजे कर्नल त्या चिपला ओळखतच नसेल, तर दोन वाटा उरतात. बाहेरचा ड्रायव्हर सोर्सवरून बांधून डीकेएमएसच्या (असे ड्रायव्हर सांभाळणाऱ्या साधनाच्या) हवाली करायचा, किंवा कर्नलला आधीपासून ठाऊक असलेलं कार्ड बसवायचं. मी पहिल्या वाटेवर साधारण दीड वर्ष काढलं, मग दुसरीवर आलो.

पहिल्या वाटेला नावं ठेवणार नाही. स्क्रूड्रायव्हर लागत नाही, खर्च नाही. डेलमध्ये 2003 च्या सुमारास जन्मलेलं डीकेएमएस काम चोख करतं: नवा कर्नल आला की मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा तो ड्रायव्हर, आपणहून पुन्हा बांधतं. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात नेटवर्कची यादी दिसली, तेव्हा मी स्वतःवरच खूश होतो.

मग एक दिवस अपडेटनंतर मशीन रीबूट केलं आणि वायफायचं चिन्हच गायब. डीकेएमएसचा 'मेक डॉट लॉग' (बांधणीची नोंद) उघडला तर कर्नलमधल्या एका फंक्शनचे आर्ग्युमेंट (त्याला पुरवायच्या गोष्टी) बदललेले, ड्रायव्हर जुन्याच पद्धतीनं हाक मारतोय. यात गफलत कुणाचीच नाही. लिनक्स कर्नलचा आतला इंटरफेस मुद्दामच कायम ठेवलेला नसतो. जो माणूस हा इंटरफेस बदलतो, तोच कर्नलच्या झाडातले (त्याच्या मूळ सोर्समधले) सगळे ड्रायव्हर दुरुस्त करतो. झाडाबाहेरच्यांनी आपलं आपण बघायचं. बघतातही ते, चार दिवसांत दुरुस्ती येते. पण ती उतरवायला इंटरनेट लागतं, आणि बंद पडलंय तेच! किल्ली घरात आणि आपण दाराबाहेर. ग्रबमधून (मशीन सुरू होतानाच्या मेनूतून) जुना कर्नल उचलायचा, नाहीतर फोन यूएसबीनं जोडून टेदरिंग करायचं. टेदरिंगचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, म्हणून ते दर वेळी चाललं.

पुढच्या खेपेला हेडर्सचं (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइलींचं) पॅकेज आलंच नव्हतं, म्हणून मॉड्यूल बांधलंच गेलं नाही. त्याच्या पुढच्या खेपेला सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला कोड चालू न देणारी सोय: 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस', मग सहीची किल्ली मंजूर करायची ती निळी स्क्रीन आणि कधीतरी ठरवलेला, आता न आठवणारा पासवर्ड. प्रत्येक अडचणीला उत्तर होतं हे मान्य. पण अपडेटचं बटण दाबताना हात अडखळायला लागला, आणि सुरक्षेचे अपडेट मी वायफायच्या भीतीनं पुढे ढकलत होतो. तिथे माझा निर्णय झाला.

एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती) वापरतो म्हणून कर्नल बदलणार नाही, असं धरून चालू नका. उबुंटूच्या डेस्कटॉप एलटीएसवर एचडब्ल्यूई कर्नल (नव्या हार्डवेअरसाठीचा) मध्येच पुढच्या आवृत्तीवर उडी मारतो.

कार्ड बदलणं तेवढं अवघड नाही. माझ्या लॅपटॉपमध्ये तळाचं झाकण काढलं की कार्डाला एकच स्क्रू. कस होता तो अँटेनाच्या दोन चिमुकल्या टोप्या बसवण्याचा: सरळ धरून नखानं दाबायच्या, 'टक्' ऐकू आलं पाहिजे, तिरप्या दाबल्या तर चेपतात. घेताना मात्र फसू नका. इंटेलचं एएक्स201 आणि एएक्स200 दिसायला जुळी भावंडं, पण 201 सीएनव्हीआय प्रकारचं (काही काम इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटवर सोपवणारं) आहे आणि इंटेलच्याच ठरावीक प्लॅटफॉर्मवर चालतं. एएमडीच्या मशीनला 200 किंवा 210 बघा. 210 ला कर्नल किमान 5.10 हवा. काही लॅपटॉपचं बायॉस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अनोळखी कार्ड नाकारतं, तेही आधी तपासा. कार्ड बोर्डावरच सोल्डर केलेलं असेल तर यूएसबी डाँगल घ्या, पण खोक्यावरचं मॉडेल बघून नाही, आतली चिप बघून. एकाच नावाच्या दुसऱ्या आवृत्तीत चिप वेगळी निघते. मीडियाटेकच्या 'एमटी76' कुटुंबातली, कर्नलमध्ये आधीच असलेली चिप सापडली तर उत्तम.

वेग मी मोजलेला नाही. मला तरी फरक जाणवला नाही. मशीन वॉरंटीत असेल, किंवा तुम्ही कर्नल महिनोन्महिने हलवतच नसाल, तर डीकेएमएसनं निभेलही. रोजच्या कामाचं मशीन असेल तर मी झाकण उघडेन.

फक्त नवं कार्ड बसवण्याआधी जुनं मॉड्यूल 'डीकेएमएस रिमूव्ह'नं काढून टाका. मी विसरलो होतो. पुढच्या कर्नल अपडेटला, खणात पडलेल्या कार्डाचा ड्रायव्हर बांधता आला नाही म्हणून पॅकेज मॅनेजर पुन्हा अडून बसला.