सीबीएस बसस्टँडजवळच्या वकील मॅडम : पाचपैकी चार तारे

बायकोच्या पहिल्या लग्नाची मुलगी रीतसर दत्तक घ्यायची होती. मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, 2022 पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय सरकारी संस्थेच्या पोर्टलवर नोंदणी लागते आणि सख्ख्या वडिलांची लेखी संमतीही. त्या संमतीपायी माझा घाम निघाला होता. मॅडमनी त्यांना चहा पाजला, आवाज न चढवता कागद वाचून दाखवला, सही मिळाली. मुलगी सात वर्षांची, म्हणजे तिलाही विचारावं लागतं. आम्हाला बाहेर बसवून तिच्याशी निवांत बोलल्या. फी आधीच कागदावर लिहून देतात, हे फार बरं. एक तारा फोनसाठी कापला, दुपारी उचलतच नाहीत. आणि रिक्षानेच जा, गाडी लावायला जागा मिळत नाही.