डेबिट की क्रेडिट: अडकतात कोणाचे पैसे?

दुकानात कार्ड लावलं की विचारणा दुकानदाराच्या बँकेकडून रूपे किंवा व्हिसाच्या जाळ्यातून आपल्याला कार्ड देणाऱ्या बँकेपर्यंत जाते. होकार-नकार तीच देते. इथवर दोन्ही कार्डं सारखीच.

डेबिटला ही बँक आपल्या खात्यातली शिल्लक बघून रक्कम लगेच वळती करते. क्रेडिटला ती आधी स्वतःचे पैसे घालते, आपल्याकडून बिलानंतर घेते. त्यामुळे घोटाळा झाला तर डेबिटवाल्याचं घरभाडं, हप्ता, किराणा सगळंच अडकतं; क्रेडिटवाल्याचं भांडण बिलावरच्या एका आकड्याशी असतं. चूक तिसऱ्याच कोणाची असेल आणि बँकेचा संदेश आल्यावर ३ कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला भुर्दंड नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम दोन्हींना लागू आहे. पण रक्कम तात्पुरती परत जमा करायला बँकेला १० कामाचे दिवस मिळतात, आणि महिनाअखेरीला ते फार लांब असतात.

म्हणून ऑनलाइन खरेदीला मी क्रेडिटच वापरते. एटीएमला मात्र डेबिट. क्रेडिटवर रोख काढली की पहिल्या दिवसापासून व्याज. आणि नुसती ‘किमान रक्कम’ भरून महिना ढकलायची सवय असेल, तर क्रेडिटच्या वाटेला जाऊच नका.