कागदाच्या रोलमागे धावणारा बँड: ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’चं 1976 चं रेकॉर्डिंग

अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्शविनची पियानो आणि बँडसाठीची ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ आपल्या कानांत बसलीय ती फर्डी ग्रोफेच्या 1942 सालच्या सिंफनी-मांडणीत: तंतुवाद्यांची साय, ऐसपैस लय. या 1976 च्या रेकॉर्डिंगसाठी कंडक्टर मायकेल टिल्सन थॉमसनं घेतली ती ग्रोफेचीच 1924 ची, पॉल व्हाइटमनच्या बँडसाठी केलेली मूळ मांडणी. तिच्यात व्हायोलिनं आहेत, व्हायोला-चेलो नाहीत. त्यामुळे बँजोची खणखण स्वच्छ ऐकू येते.

पियानोवर खुद्द गर्शविन आहे. तो 1937 मध्ये गेला, पण 1925 चा त्याचा पियानो रोल शिल्लक होता, म्हणजे त्याचं वादन भोकांच्या रूपात टिपलेला, आपोआप वाजणाऱ्या पियानोत घालायचा कागद. त्यात ऑर्केस्ट्राचे तुकडेही त्यानंच वाजवलेले. त्या स्वरांची भोकं बुजवली, सोलोची तेवढी उघडी ठेवली आणि कोलंबिया जॅझ बँडनं बाकीचं सोबत वाजवलं. गोची अशी, की रोल कुणासाठी थांबत नाही. एरवी पियानोवादक नजरेनं सम दाखवतो, इथे कंडक्टरलाच कागदाच्या मागे पळावं लागतं. जलद भागांत ब्रासला (ट्रंपेट, ट्रॉम्बोन वगैरेंना) श्वास घ्यायला जागा उरत नाही. पियानोवादक-कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइनच्या 1959 च्या रेकॉर्डिंगला 16 मिनिटांहून जास्त लागतात, इथे 14 च्या आसपास खेळ खलास. मधली संथ धूनही रेंगाळत नाही. मला ती अशीच आवडते, पाकात न बुडवलेली.

सुरुवातीची क्लॅरिनेट मात्र सावकाश ऐका. गर्शविननं तिथे 17 स्वरांची चढती ओळ लिहिली होती. तालमीत व्हाइटमनचा क्लॅरिनेटवादक रॉस गॉर्मननं थट्टेत तिचा वरचा भाग मींडेनं ओढला आणि तो तसाच राहिला. वाद्याच्या खालच्या पट्टीतून वरच्या पट्टीत जाताना मींड तुटते. म्हणून वादक तिथवर सुटे स्वर झपकन घेतात. पुढे बोटं भोकांवरून हळूहळू सरकवायची आणि जीभ-घशाच्या ठेवणीनं स्वर वर खेचायचा. घाई झाली की नुसती सरगम ऐकू येते. इथे ती चक्क खिदळते.

वेग अतिरेकी वाटला तर गर्शविन आणि व्हाइटमन यांची जून 1924 ची ध्वनिमुद्रिका लावून पाहा. तबकडीच्या दोन बाजूंत मावावी म्हणून ती कापून 9 मिनिटांवर आणलेली आहे, आवाजही डब्यातून आल्यासारखा. पण चाल अशीच तरतरीत.

जोडीला ‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’ आहे, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचं. वाजवलंय चोख, पण त्यासाठी कुणी हे विकत घेणार नाही. घेताना नाव तपासा: टिल्सन थॉमसनं ‘ऱ्हॅप्सडी’ पुढे स्वतः पियानोवर बसूनही रेकॉर्ड केली आहे. ‘1925 चा पियानो रोल’ असा उल्लेख असेल तेच हे.