दवाखान्यासाठी सोलर: ऑन-ग्रिड, हायब्रिड की जनरेटरच बरा?

गेवराई, औसा, जिंतूर अशा तालुक्याच्या गावी दहा खाटांचा दवाखाना चालवणारे डॉक्टर सोलरचा विषय निघाला की आधी बिल किती कमी होईल ते विचारतात. माझ्या मते आधी ठरवायचं ते वेगळंच: लाइट गेल्यावर प्रसूतिगृहात काय चालू राहिलं पाहिजे?

ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट महावितरणच्या लाइनला जोडलेलं सोलर, सर्वात स्वस्त. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट गच्ची लागते आणि वर्षाच्या सरासरीने रोज ४ युनिट मिळतात. पण महावितरणचा पुरवठा गेला की याचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज वापरण्याजोगी करणारा डबा) स्वतःहून बंद होतो, नाहीतर लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला उलटा करंट बसेल. म्हणजे भर उन्हात गच्चीवर पॅनल तापताहेत आणि खाली पंखा बंद. विक्रेता हे आपणहून सांगेलच असं नाही. पीएम सूर्यघर या केंद्राच्या सोलर योजनेचं ७८,००० रुपयांपर्यंतचं अनुदानही फक्त घरांना आहे. ते धरून कोणी कोटेशन दिलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

जनरेटरचं काय? लहान जनरेटर एका लिटर डिझेलमध्ये जेमतेम ३ युनिट देतो, म्हणजे युनिट तीस रुपयांच्या घरात. तरी तो विकू नका. ऑटोक्लेव्ह (वाफेने अवजारं निर्जंतुक करणारं मशीन) आणि एक्स-रेचा लोड त्यानेच ओढावा.

हायब्रिड म्हणजे बॅटरी जोडलेलं सोलर; लाइट गेली तरी ते चालू राहतं. त्याचा खरा उपयोग ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरपाशी, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या मशीनपाशी दिसतो. ५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॉट घेतं. दोन मिनिटं लाइट गेली तरी पुन्हा सुरू झाल्यावर पूर्ण शुद्धतेचा ऑक्सिजन यायला आणखी काही मिनिटं जातात. धाप लागलेल्या बाळासाठी ती मिनिटं फार मोठी. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेली युगांडातल्या २० रुग्णालयांची चाचणी याच विषयावर होती: सोलरवर चालणारा ऑक्सिजन आल्यावर, रक्तात ऑक्सिजन कमी असलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांचे पहिल्या ४८ तासांतले मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. तिथे आधी ऑक्सिजनचीच मारामार होती, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा आपल्याला लागू नाही. छत्तीसगडचा २०१७ चा अभ्यास आपल्याला जवळचा. सोलर असलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रसूतींची संख्या सोलर नसलेल्यांच्या जवळपास दुप्पट आढळली. अर्थात ही नुसती तुलना आहे, सगळं श्रेय पॅनलचं म्हणता येणार नाही.

हायब्रिड महाग पडतं ते बॅटरीमुळे. त्यामुळे सगळी इमारत बॅटरीवर घेऊच नका. कॉन्सन्ट्रेटर, बेबी वॉर्मर, लसींचा फ्रीज आणि प्रसूतिगृहातले दिवे यांची वायरिंग वेगळी काढा. दीड किलोवॉटचा लोड चार तास चालवायचा तर ६ युनिट लागतात; ८ युनिटची लिथियम बॅटरी पुरते. एसी या लाइनवर चुकूनही जोडू देऊ नका, आणि ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला ठेवाच.

बॅटरी जिन्याखालच्या सावलीत, हवा खेळेल अशी बसवा. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. पॅनलही तापल्यावर वीज कमी देतात, म्हणून कडक मे महिन्यात विक्रमी युनिटची अपेक्षा नको. धूळ पुसायला बोअरचं पाणी वापरलं तर काचेवर क्षारांचा पांढरा थर बसतो; आरओचं वाया जाणारं पाणी तर त्याहून क्षारी.

पैसे एकदम नसतील तर तीन किलोवॉटचं हायब्रिड आधी घ्या. बिलासाठीचं ऑन-ग्रिड पुढच्या वर्षी गच्चीच्या उरलेल्या भागात बसवता येतं, त्यामुळे तेवढी जागा टाकीला किंवा मोबाइल टॉवरला देऊन टाकू नका.