‘प्लेफॉरवर्ड’ : खेळ चांगला, पण यात मावा कुठाय?

व्यसनमुक्ती म्हटलं की शाळेत पोस्टर लागतं आणि शपथ होते. खराब फुप्फुसाचा फोटो बघून सातवीतली पोरं ‘ईऽऽ’ करतात आणि मधल्या सुट्टीपर्यंत विसरतात. नुसत्या माहितीने किंवा भीतीने मुलं व्यसनापासून दूर राहत नाहीत, हे संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिबंधविषयक मानकांतही आहे. म्हणून येल विद्यापीठात तयार झालेला ‘प्लेफॉरवर्ड : एल्म सिटी स्टोरीज’ हा ११ ते १४ वयोगटासाठीचा आयपॅडवरचा खेळ कोकणातल्या शाळांच्या नजरेने पाहिला.

खेळणारा स्वतःचं पात्र बनवतो, निर्णय घेतो, पुढच्या आयुष्यात त्याचं काय झालं ते बघतो आणि मागे येऊन निर्णय बदलतो. सगळ्यात जमलेला भाग नकार देण्याचा. मित्र चिडवून गळ घालतोय की लाडीगोडी लावून, हे आधी ओळखायचं आणि मग त्याला लागू पडेल असं उत्तर द्यायचं. ‘नाही म्हणा’ हे प्रत्येक पोस्टर सांगतं. कसं म्हणायचं, ते इथे हाताखालून जातं.

परिणाम? हा खेळ व्यसनांबरोबरच लैंगिक जोखीम टाळण्यासाठीही आहे. अमेरिकेत ३३३ मुलांवर चाचणी झाली, तिचा मुख्य भर या दुसऱ्या भागावर होता. लैंगिक आरोग्याबद्दलचं ज्ञान आणि दृष्टिकोन सुधारले, पण लैंगिक संबंध सुरू होण्याच्या प्रमाणात, म्हणजे मुख्य मोजमापात, फरक दिसला नाही. खेळ लावला म्हणजे काम झालं, असं कुणी समजू नये.

आपल्याकडची मुख्य अडचण गोष्टीतच आहे. सगळं इंग्रजीत, प्रसंग अमेरिकन शहरातले. आपल्या मुलासमोर येते माव्याची (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची) पुडी, घरातली मशेरी, किंवा गणपतीला आलेल्या चाकरमानी दादाच्या खिशातला व्हेप म्हणजे ई-सिगारेट (विक्रीवर २०१९ पासून बंदी आहे, तरीही). नुसतं भाषांतर पुरणार नाही. ‘नको रे, उद्या कबड्डीची मॅच आसा’ हे उत्तर सिंधुदुर्गातल्या पोराच्या तोंडी बसतं; पुस्तकी मराठीतला नकार दिला तर वर्ग हसेल.

वापरायचाच तर एका टॅबवर दोघंच. चौघं बसले की एक खेळतो, तिघं त्याला ‘वाईट’ पर्याय दाबायला लावतात. ३५ मिनिटांच्या तासात २० मिनिटं खेळ, बाकीच्या वेळात बोलणं. निर्णय का घेतला हे विचारलं नाही तर मुलं शेवट बदलायचा छंद म्हणून मागेपुढे करत बसतात. पावसाळ्यात वीज बेभरवशाची, तेव्हा टॅब आदल्या संध्याकाळी चार्ज करून ठेवा. आयपॅड नसेल तर हेच प्रसंग कार्डांवर लिहून मुलांकडून करवून घ्या. मूळ युक्तीचा मोठा भाग तसाही शिल्लक राहतो.

आधीच मावा किंवा सोल्युशनला (नशेसाठी हुंगायच्या गोंदाला) लागलेल्या मुलाच्या हातात मात्र हा खेळ देऊ नका. तिथे समुपदेशक लागतो. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६.