विंडोज, मॅक, उबंटू आणि एकच वायफाय प्रिंटर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

नागपूरच्या सीताबर्डीतलं छोटं ऑफिस. विंडोज ११ चे दोन संगणक, एक मॅकबुक, उबंटूचा (ही लिनक्सवरची मोफत प्रणाली) एक डेस्कटॉप, चार-पाच अँड्रॉइड फोन आणि सगळ्यांत मिळून इंक टँकवाला एक ऑल-इन-वन प्रिंटर.

प्रिंटर एका विंडोज संगणकाला लावून तिथून शेअर करू नका. तो संगणक बंद केला की सगळ्यांची छपाई थांबते, आणि मॅक-उबंटूला विंडोजचं युजरनेम-पासवर्ड द्यावं लागतं ते वेगळंच. प्रिंटर थेट राउटरला जोडा. घेतानाच खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रियाची (ड्रायव्हरशिवाय छापायच्या पद्धती) खूण बघा. ती असली की मॅक, उबंटू आणि फोनला वेगळा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, लागत नाही.

खरा त्रास लाइन गेल्यावर सुरू होतो. लाइन परत आली की राउटर प्रिंटरला नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) देऊ शकतो. विंडोज मात्र जुन्याच पत्त्यावर शोधत राहतं आणि 'ऑफलाइन' दाखवतं. उपाय पहिल्याच दिवशी करून टाका: राउटरच्या डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये (ठराविक उपकरणासाठी पत्ता राखून ठेवायची सोय) प्रिंटरचा मॅक अॅड्रेस (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक, मॅकबुकशी संबंध नाही) टाकून पत्ता कायम करा, समजा १९२.१६८.१.५०. पत्ता प्रिंटरच्या पॅनलवर हाताने भरण्यापेक्षा हे बरं, कारण उद्या राउटर तोच पत्ता दुसऱ्या फोनला देऊन बसत नाही. लाइन आल्यावर प्रिंटर राउटरच्या आधी जागा झाला तर काही वेळा वायफाय पकडतच नाही. दोन-तीन मिनिटांनी तो बंद-चालू करा, किंवा राउटरला छोटा यूपीएस लावा. इथे यूपीएस लावल्यापासून ही तक्रार जवळपास संपली.

विंडोजने आपोआप शोधलेला प्रिंटर बहुधा डब्ल्यूएसडी पोर्टवर (उपकरणं आपोआप शोधायची विंडोजची जोडणी) बसतो, आणि 'ऑफलाइन'चं दुसरं मूळ तिथे असतं. तसा जोडलेला प्रिंटर काढून टाका. 'अॅड मॅन्युअली'मधून आयपी पत्त्याचा पर्याय घ्या आणि प्रकार 'आयपीपी डिव्हाइस' (नेटवर्कवरून छापायची सर्वमान्य पद्धत) निवडा. कंपनीचाच ड्रायव्हर हवा असेल तर 'टीसीपी/आयपी' घ्या, पण पोर्टच्या सेटिंगमध्ये 'एसएनएमपी स्टेटस'ची, म्हणजे प्रिंटर चालू आहे का ही नेटवर्कवरची चौकशी करण्याची, टिक काढा. त्या चौकशीला उत्तर आलं नाही की चालू प्रिंटरही विंडोजला बंद वाटतो.

मॅकला काहीच सांगावं लागत नाही. यादीतून निवडायचा आणि खाली 'एअरप्रिंट' आलंय ना, एवढं पाहायचं.

उबंटूत कप्स (छपाई सांभाळणारं सॉफ्टवेअर) प्रिंटर स्वतःच शोधतं. फक्त भाषा अमेरिकन इंग्रजी ठेवली असेल तर कागद 'लेटर' (अमेरिकन आकार) धरला जातो. ट्रेमध्ये ए४, म्हणून प्रिंटर कागद जुळत नसल्याचं सांगून थांबतो, आणि लोक ड्रायव्हर बदलत बसतात. प्रिंटरच्या पर्यायांत ए४ ठरवलं की झालं. स्कॅनिंगही नेटवर्कवरून चालतं. त्यासाठी सेन-एअरस्कॅन हे स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर असावं लागतं, नव्या उबंटूत ते असतंच.

एखाद्या फोनला प्रिंटर दिसत नसेल तर आधी तो फोन गेस्ट वायफायवर (पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क) आहे का बघा. गेस्ट नेटवर्क उपकरणांना एकमेकांपासून तोडतं. प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झवर आणि फोन ५ वर असला तर बिघडत नाही, राउटर एकच हवा.

मराठी युनिकोड सगळीकडून नीट छापलं जातं. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाइल मात्र फॉन्ट नसलेल्या मशीनवर अगम्य अक्षरं छापते. ज्या संगणकावर ती बनवली तिथेच पीडीएफ करा आणि पीडीएफच पाठवा.

उन्हाळ्यात एक गोष्ट सांभाळावीच लागते. कूलरच्या वाऱ्यात ट्रेमधला कागद ओलसर होतो आणि एकदम दोन पानं ओढली जातात. ७५ जीएसएमचं (कागदाची जाडी-वजन) रीम प्लास्टिकमध्येच ठेवून ट्रेत २५-३० पानंच भरा. उलट, कूलर बंद असलेल्या सुट्टीच्या दिवसांत शाई नोजलमध्ये (शाई सोडणारी बारीक छिद्रं) सुकते, म्हणून आठवड्यातून एक रंगीत पान काढाच. रेघा दिसल्या तर हेड क्लीनिंग दोनदाच करा. त्यापुढे शाई वेस्ट पॅडमध्ये (वाया गेलेली शाई शोषणारा प्रिंटरमधला स्पंज) जाऊन तेच भरतं. प्रिंटर रात्रभर तसाच राहू द्या आणि सकाळी पुन्हा पान काढून बघा.